मुशीत गेलेली घड्याळं

विट्याच्या गलाईवाल्याच्या हातात सोन्याचं घड्याळ दिलं तर तो किती वाजले ते बघत नाही. आधी तळहातावर तोलतो, मग उलटं करतो, मागच्या झाकणाची फट नखानं चाचपतो आणि आत छाप कसली आहे ते विचारतो. त्याच्या लेखी ते घड्याळ नसतंच. मशिन, काच, पट्टा आणि पिना वजा जाता हाती लागणारं अमुक इतकं सोनं, एवढाच त्याचा हिशेब. स्टीलचं घड्याळ पुढं केलं तर तो ते तसंच परत सरकवतो. सोन्याचं घड्याळ जास्त टिकतं की स्टीलचं, हा प्रश्न घड्याळाच्या दुकानात विचारला तर ओरखडे, घाम, पाणी यांची चर्चा होते. विट्यात विचारला तर गाडी वेगळ्याच वाटेनं जाते.

सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्यातले माण, खटाव हा दुष्काळी पट्टा. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी येण्याआधी इथल्या पोरांपुढं वाटा मोजक्याच होत्या. कुणी मुंबईला गिरणीत किंवा गोदीत गेला, कुणी पलटणीत भरती झाला, आणि खानापूर-विट्याकडच्या अनेकांनी सराफकट्ट्याची वाट धरली. केरळपासून बंगालपर्यंत, जिथं म्हणून सोन्याचांदीची पेठ आहे तिथं एखाद्या बोळात या भागातला माणूस भट्टी पेटवून बसलेला सापडतो. जुने दागिने वितळवायचे, त्यातली भेसळ काढायची आणि चोख सोनं सराफाच्या हातात द्यायचं, हा गलाईचा धंदा. बाप, चुलता, मेहुणा अशा साखळीनं गावच्या गाव परमुलखात गेलं. गावाकडं टोलेजंग बंगले उभे राहिले, ते यात्रेला आणि दिवाळीला उघडतात.

सोन्याच्या घड्याळाचा शेवट बघायचा तर या भट्टीवरच बघायला हवा. त्याआधी दोन्ही धातूंची कुस्ती लावून बघू.

सोनं मऊ आणि स्टील टणक, हे सगळ्यांना ठाऊक असतं. किती मऊ नि किती टणक, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. धातूचा कठीणपणा मोजायची विकर्स नावाची एक पट्टी आहे. तिच्यावर शुद्ध सोनं २५ च्या आसपास भरतं. पण शुद्ध सोन्याचं घड्याळ कुणी करत नाही. मंगळसूत्राच्या २२ कॅरटचंही करत नाही. जगातली बहुतेक चांगली सोन्याची घड्याळं १८ कॅरटची, म्हणजे ७५ टक्के सोनं आणि बाकी तांबं-चांदी. हे मिश्रण विकर्सच्या पट्टीवर १२० ते १६० पर्यंत जातं. आणि घड्याळाचं स्टील, ज्याला ३१६ एल म्हणतात, ते १५० ते २२० च्या दरम्यान. म्हणजे स्टील सरस खरं, पण लोक समजतात तेवढी तफावत नाही. शिवाय रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, गारगोटीचे कण असतात आणि ते हजाराच्या पुढं भरतात. माण-खटावच्या फुफाट्यात रोज मोटारसायकल चालवणाऱ्याच्या मनगटावर दोन्ही घड्याळं सारखीच ओरखडतात. फक्त सोन्यावरचा ओरखडा मालकाच्या काळजावर उठतो.

फरक पडतो तो आपटल्यावर. १८ कॅरट सोनं स्टीलच्या जवळपास दुप्पट जड असतं. एकाच मापाची दोन घड्याळं ओट्यावरून फरशीवर पडली तर सोन्याचं जास्त जोरानं आदळतं आणि कोपरा चेपतो. पट्टा बसतो ते कान सोन्याच्या घड्याळात आधी झिजतात. पिनेचं भोक वर्षानुवर्षांच्या हालचालीनं लांबट होत जातं. सोन्याच्या कड्यांचा पट्टा असेल तर सांधे आतून झिजून तो ताणल्यासारखा सैल लोंबायला लागतो. रोलेक्सनं १९५६ साली डे-डेट हे घड्याळ आणलं. ते सोन्यात किंवा प्लॅटिनममध्येच मिळतं, स्टीलमध्ये ते कंपनी करतच नाही. त्याच्या जुन्या पट्ट्यांचं हे सैल होणं इतकं प्रसिद्ध आहे की अलीकडच्या पट्ट्यांत कड्यांच्या आत सिरॅमिकच्या नळ्या बसवल्या जातात. जगातल्या बड्या कंपनीलाही सोन्याला आतून टेकू द्यावा लागला तो असा.

पण घाम आणि पाणी यांच्याबाबतीत डाव उलटतो. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या १६ ते १८ टक्के क्रोमियममुळं. हवेतला प्राणवायू लागला की क्रोमियमच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा वर तयार होतो. ओरखडा उठला तरी पापुद्रा पुन्हा जमतो. मात्र त्याला हवा लागते. मागच्या झाकणाच्या आट्यांत, रबरी वॉशरच्या खाली, पट्ट्याच्या कानात घाम आणि मळ साचून बसला की हवा पोचत नाही आणि घामातलं मीठ आपलं काम करतं. बाहेरून आरशासारखं लखलखणारं जुनं स्टीलचं घड्याळ उघडलं की झाकणाच्या कडेला देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात, ते यामुळं. वॉशर मग नीट बसत नाही, पाणी शिरतं, मशिन गंजतं. सोन्याला हा रोग माहीतच नाही. शंभर वर्षांपूर्वीचं १८ कॅरटचं खिशातलं घड्याळ साबणाच्या पाण्यानं धुतलं की काल केल्यासारखं दिसतं.

दुरुस्तीचंही तसंच. चेपलेलं सोनं सांगलीतला कुशल सोनार ठोकून, डाग देऊन मूळपदावर आणू शकतो. खड्डे पडलेलं स्टील भरायला लेसरचं वेल्डिंग लागतं आणि तो खर्च घड्याळाच्या किमतीपेक्षा जास्त होतो. मग मालक म्हणतो, राहू दे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, बाजारपेठ पाण्याखाली राहिली. अशा पुरातून निघालेल्या घड्याळांत केस सोन्याची की स्टीलची यानं फारसं काही ठरत नाही. चिखलाचं पाणी आत गेलं की स्प्रिंगा, काट्यांचे दांडे हे सगळं पोलादी सामान दोन-चार दिवसांत तांबडं होतं. सोन्याच्या घड्याळाचंही काळीज पोलादाचंच असतं, ही गोष्ट विकत घेताना कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता लोक ज्याला सोन्याचं घड्याळ म्हणतात त्यातलं बहुतेक सोनं नसतंच, हेही सांगायला हवं. सातारा-सांगलीत लग्नात नवरदेवाला घड्याळ देण्याची रीत जुनी. साठ-सत्तरच्या दशकात सायकल, रेडिओ आणि घड्याळ हा मानपानाचं ठरलेलं त्रिकूट होतं. घड्याळ म्हणजे एचएमटी. या सरकारी कारखान्यानं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं १९६१ पासून बंगळूरला घड्याळं काढायला सुरुवात केली. जनता, पायलट, जवान अशी त्यांची नावं घराघरांत गेली, आणि ज्याची ऐपत जरा बरी तो सोना घ्यायचा. सोना हे पातळ, देखणं, सोनेरी मुलामा दिलेलं घड्याळ.

मुलाम्याचा हिशेब मायक्रॉनमध्ये होतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. स्वस्त घड्याळावर एक मायक्रॉनसुद्धा सोनं नसतं. नावाजलेल्या जुन्या स्विस घड्याळांवर १० किंवा २० मायक्रॉनचा थर असे आणि मागं तसा आकडा कोरलेला असे. खाली पितळ. शर्टाची बाही घासते तिथं, कानांच्या टोकांवर आणि मनगटाला टेकणाऱ्या कडेवर मुलामा आधी उडतो. मग घाम पितळेला भिडतो, कळंक चढतो, मनगटावर हिरवट डाग उमटतो. सोन्याचं घड्याळ टिकत नाही असं जे लोक म्हणतात, ते नव्वद टक्के वेळा या पितळेबद्दल बोलत असतात.

फसवणूक स्टीलच्या बाजूलाही कमी नाही. जुन्या स्वस्त घड्याळाच्या मागं मोठ्या अक्षरांत स्टेनलेस स्टील कोरलेलं असतं आणि पुढचा शब्द बारीक असतो: बॅक. म्हणजे झाकण तेवढं स्टीलचं, बाकी अंग क्रोमचा मुलामा दिलेलं पितळ. आजोबांचं स्टीलचं घड्याळ कसं खाल्लं गेलं याचं नवल करणाऱ्या नातवानं आधी तो शब्द शोधावा.

अमेरिकेत एकेकाळी या झिजेवर चक्क वर्षांची हमी मिळायची. पितळेच्या पत्र्यावर दोन्हीकडून सोन्याचा पत्रा दाबून बसवायचा, त्याला गोल्ड फिल्ड म्हणायचं आणि केसच्या आत १० वर्षं, २० वर्षं, २५ वर्षं असे आकडे कोरायचे. आपल्याकडं याच जातीच्या मालाला रोल्ड गोल्ड म्हणत. सोन्याच्या टिकाऊपणाचा इतका रोखठोक आकडा पुन्हा कुणी दिला नाही.

तसं पाहिलं तर घड्याळाच्या दुनियेत स्टील हे उशिरा आलेलं पाहुणं. हॅरी ब्रिअर्ली यानं शेफील्डमध्ये न गंजणारं पोलाद काढलं ते १९१३ साली. घड्याळाच्या केससाठी त्याचा सर्रास वापर व्हायला १९३० चं दशक उजाडलं. त्याआधी श्रीमंताला सोनं, मध्यमाला चांदी आणि बाकीच्यांना निकेल. पहिल्या महायुद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावच्या ४६ जवानांनी प्राण दिले. आजही ते गाव मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं. त्या युद्धातली मनगटी घड्याळं बहुधा चांदीची किंवा निकेलची असत. मुंबई आणि कलकत्त्यात पेढ्या असलेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीनं हिंदुस्थानी फौजेला घड्याळं पुरवली, तिच्या एका प्रसिद्ध घड्याळाचं नावच सोवार. सैनिकाला सोनं परवडत नव्हतं हे झालंच, पण घोड्यावर, चिखलात, बंदुकीच्या धक्क्यात ते चाललंही नसतं.

स्टीलला इभ्रत मिळवून देणारं एक घड्याळ तर हिंदुस्थानातच सुचलं. इथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांची काच पोलो खेळताना फुटायची. सीझर द त्रे या स्विस व्यापाऱ्यानं ते गाऱ्हाणं ऐकलं आणि १९३१ मध्ये रिव्हर्सो आलं. तबकडीकडची बाजू उलटी फिरवायची की धातूची पाठ वर येते. मार पाठीनं खायचा, काचेनं नाही.

पुढं १९६९ च्या नाताळात सेइकोनं टोकियोत जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं, तेव्हा ते १८ कॅरट सोन्यात होतं आणि किंमत साडेचार लाख येन, म्हणजे छोट्या मोटारीएवढी. नवं तंत्र सोन्यात मढवून आलं. उलट १९७२ मध्ये ओडेमार पिगे या जुन्या घराण्यानं रॉयल ओक नावाचं स्टीलचं घड्याळ ३,३०० फ्रँकला लावलं. तेवढ्यात त्या वेळी चांगलं सोन्याचं घड्याळ येत होतं. लोक हसले. आता त्याच घड्याळासाठी रांगा लागतात. स्टील महाग विकता येतं, फक्त ते घासून तेवढं सुबक करणारे हात हवेत.

सोन्याबाबत माणसं किती हळवी असतात, याचा अनुभव सरकारनं १९६३ च्या जानेवारीत घेतला. अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी १४ कॅरटपेक्षा जास्त कसाचे दागिने घडवायला बंदी केली. निव्वळ टिकाऊपणा बघितला तर १४ कॅरट उत्तम. मिश्रण टणक, झीज कमी, घड्याळाला तर फारच योग्य. युरोप-अमेरिकेतली कितीतरी घड्याळं १४ कॅरटचीच. पण इथल्या बाईला टणक सोनं नको होतं. तिला अडीअडचणीला मोडता येणारं सोनं हवं होतं. सोनारांच्या चुली थंडावल्या, देशभर ओरड झाली आणि ती मर्यादा काही वर्षांतच सोडून द्यावी लागली. पुढं १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत मानगुटीवर राहिला.

मोडता येणं, हा सोन्याचा गुणच सोन्याच्या घड्याळाच्या मुळावर येतो.

समजा घरातल्या कपाटात आजोबांचं १८ कॅरटचं घड्याळ आहे. केसमध्ये २० ग्रॅम धातू. म्हणजे चोख सोनं १५ ग्रॅम. साठच्या दशकात तोळ्याचा भाव शंभर रुपयांच्या आगेमागे होता तेव्हा या घड्याळात शे-दीडशेचं सोनं होतं आणि घड्याळ म्हणून त्याची किंमत त्याहून बरीच जास्त होती. मोडण्यात शहाणपण नव्हतं. २०२५ मध्ये भावानं तोळ्याला लाखाची पायरी ओलांडली. त्या भावानं त्याच केसमध्ये दीड लाखाचं सोनं भरतं. मशिन बंद, सुटे भाग मिळत नाहीत, तबकडी पिवळी पडलेली, नाव कुण्या विस्मरणात गेलेल्या कंपनीचं. घड्याळ म्हणून कुणी तेवढे देणार नाही. मुलीचं लग्न, ऊसबिल थकलेलं, दवाखाना. कुठलंही निमित्त पुरतं.

मग ते भट्टीवर येतं. आधी झाकण उघडून मशिन काढतात आणि एका डब्यात टाकून देतात. त्या डब्यात असली अनाथ मशिनं पडून असतात, एखादं हलवलं तर चार-दोन टिकटिकाही करतं. काच निघते. चावीचा दांडा, पट्ट्याच्या पिना, केसमधल्या बारीक स्प्रिंगा वेचून काढाव्या लागतात, कारण लोखंड मुशीत गेलं तर सोनं बिघडतं. लोहचुंबक फिरवून खात्री करतात. मग केस हातोडीनं चेपून मुशीत घालतात, वर सवागी टाकतात. शुद्ध सोन्याला १,०६४ अंश लागतात, १८ कॅरट त्याआधीच पातळ होतं. कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं बुडतात, आणि पळभरात एक लालबुंद थेंब डोलू लागतो.

कस वाढवायचा तर पुढचं काम तेजाबाचं. सोन्याच्या तिप्पट चांदी मिसळून ते पुन्हा वितळवतात, त्याचे पातळ तुकडे करतात आणि नायट्रिक आम्लात उकळतात. तांबडा-पिवळा धूर उठतो. गलाईवाल्याच्या छातीचं आयुष्य खातो तो हाच. चांदी आणि तांबं आम्लात विरघळतं, तळाशी काळपट तपकिरी भुकटी उरते. धुऊन, वाळवून पुन्हा मुशीत घातली की चोख सोन्याची लगड. आम्लात गेलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या टाकून परत मिळवतात. काहीच वाया जात नाही. दुकानाच्या फरशीवरची धूळसुद्धा झारेकरी विकत घेतो आणि धुऊन त्यातले कण काढतो. सोन्याच्या घड्याळाला पॉलिश करताना उडालेली पूडही अशीच कुणाच्या तरी हाती लागते. स्टील घासताना उडालेली पूड झाडून टाकतात.

या धंद्याची दुसरी बाजूही आहे. चोरीचं सोनं विकत घेतल्याच्या संशयावरून गलाईवाल्याच्या दारात पोलीस येणं ही परमुलखातल्या या माणसांची जुनी डोकेदुखी. भारतीय दंड विधान २०२४ मध्ये रद्द होईपर्यंत त्याचं कलम ४११ त्यांच्यातल्या अनेकांना वकिलाइतकं पाठ असे. मुशीतून निघालेल्या लगडीवर मालकाचं नाव नसतं, हीच अडचण. घड्याळावर निदान क्रमांक तरी असतो.

भाव चढला की घड्याळं मुशीत जातात, हे विट्यापुरतं नाही. २१ जानेवारी १९८० ला सोनं लंडनमध्ये औंसाला ८५० डॉलरवर गेलं तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत सोन्याची खिशातली घड्याळं पोत्यानं वितळवली गेली. आज जुन्या घड्याळांच्या बाजारात सोन्याची केस गेलेली नुसती मशिनं ढिगानं मिळतात ती त्या काळातली. त्याच वयाची निकेलची, स्टीलची घड्याळं मात्र अंगावर केससकट जगली. त्यांना मोडून कुणाला काय मिळणार होतं?

म्हणूनच सातारा-सांगलीच्या घराघरांत आजोबांचं म्हणून जे घड्याळ निघतं ते बहुतेक वेळा स्टीलचं किंवा पितळेचं निघतं. सोन्याचं होतं, असं सांगणारे भेटतात, ते दाखवणारे कमी. आणि ज्या पट्ट्यानं देशभरातलं सोनं वितळवलं, त्याच पट्ट्याच्या शेजारी किर्लोस्करवाडी आहे. १९१० पासून तिथं लोखंडी नांगर घडले, तेव्हा लोखंडानं जमिनीला विष चढतं म्हणून शेतकरी बिचकत होता. लोखंडावर विश्वास बसायला इकडं वेळ लागला, सोन्यावरचा कधी उडाला नाही.

१८३२ मध्ये गाडगिळांची सराफी पेढी जिथं सुरू झाली त्या सांगलीत आज सोन्याचं जुनं घड्याळ विकायला नेलं तर आणखी एक गंमत होते. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, दागिन्यावर सहा अक्षरी क्रमांक आला. पण सरकारनं काही वस्तूंना त्यातून सूट दिली: कुंदन, पोलकी, जडाऊचे दागिने, शाईची पेनं आणि घड्याळं. त्यामुळं अंगठीच्या कसाची खात्री आत कोरलेली असते, घड्याळाची नसते. जुन्या स्विस घड्याळात १८ कॅरटसाठी हेल्व्हेशिया देवीचं मुंडकं आणि १४ कॅरटसाठी खार असे बारीक शिक्के असतात. १९९५ पासून त्यांच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. पण शिक्के बनावटही असू शकतात. टंच काढायच्या क्ष-किरणाच्या यंत्रावर घड्याळ ठेवलं तर ते वरच्या काही मायक्रॉनचाच कस सांगतं, आणि २० मायक्रॉनचा मुलामा त्याला सहज चकवतो. म्हणून जाणता गलाईवाला यंत्राच्या आकड्यावर थांबत नाही. झाकण उघडून आतल्या कडेला, जिथं मालकाला दिसणार नाही तिथं, कानशीचा एक बारीक घाव मारतो, खालचा रंग बघतो, तेजाबाचा थेंब टाकतो. थेंब हिरवा झाला तर घड्याळ परत मालकाच्या हातात पडतं आणि आणखी काही वर्षं चालतं.